एकतीस यार्ड पलीकडे

माणूस मेल्याशिवाय त्याच्याविषयी खात्रीने काही सांगता येत नाही, आणि मेल्यावर निदान शंभर वर्षं उलटल्याशिवाय ते सांगण्यात गोडी येत नाही. या दोन तत्त्वांवर आमच्या मार्केट ऑर्बी गावचं स्थानिक व कौटुंबिक इतिहास मंडळ उभं आहे. दर गुरुवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, वाचनालयाच्या माडीवर मंडळ भरतं. खाली चौकात जिवंत माणसं कोबी आणि चीज विकत असतात. त्यांच्याशी मंडळाला कर्तव्य नाही. त्यांचा नंबर यथावकाश येईल.

मंडळाचे सभासद चौसष्ट. पैकी एकोणतीस जणांचा वंश एकाच राजापर्यंत जाऊन पोचतो (राजाला फावला वेळ बराच असावा). अकरा जणांच्या घराण्यात बिशप आहेत, आणि सात भाग्यवंतांना मेंढीचोर पूर्वज सापडलेला आहे. मेंढी चोरून काळ्या पाण्यावर ऑस्ट्रेलियाला गेलेल्या पूर्वजाला हल्ली राजापेक्षा जास्त मान आहे. तो ज्याच्याकडे आहे, त्याला केकचा कडेचा कोरडा तुकडा कोणी देत नाही. मागच्या वर्षी वाचनालयाच्या दारातून एका सभासदाची सायकल गेली, तेव्हा मात्र मंडळाने ताबडतोब पोलिसांत तक्रार केली. चोराचे वंशज पुढे त्याचा अभिमान बाळगतील हे सर्वांना मान्य होतं, पण तोवर थांबायची सायकलवाल्याची तयारी नव्हती.

पुराव्यांचे नियम कडक आहेत आणि असायलाच हवेत. प्रत्येक जन्माला कागद हवा. शाईचं पेन माडीवर आणायचं नाही. आजीने सांगितलेली गोष्ट पुराव्यात धरली जात नाही; आजी स्वतः येऊन बसली तरी नाही. जिवंत माणूस हा दुय्यम पुरावा आहे, कारण त्याला बोलता येतं.

माझ्याकडे जुनी दप्तरं वाचून टाइप करायचं काम आहे. लेक बाबागाडीत झोपली की चाळीस मिनिटं मिळतात, तेवढ्यात सतराशे साठमधली अर्धं पानभर माणसं पुरून होतात. लेक लवकर उठली तर विनी टॅपसेल गाडी पायाने हलवते. हाताने ती चहा ओतत असते. विनी एक्क्याऐंशी वर्षांची. सव्वीस वर्षं मंडळाचा चहा तीच करते. तिचे वडील नगरभवनाच्या घड्याळाला चावी द्यायचे. तिचे आजोबा चर्चच्या आवारात कबरी खणायचे, त्यामुळे मंडळाच्या बहुतेक पूर्वजांना त्यांनीच जागेवर पोचवलेलं आहे. असं असूनही विनी मंडळाची सभासद नाही. तिला कधी कोणी विचारलं नाही आणि ट्रे हातात असल्यामुळे तिलाही कधी हात वर करता आला नाही.

गेल्या वसंतात विनीला घरमालकाने कळवलं की दुकानावरच्या तिच्या दोन खोल्या सप्टेंबरअखेर रिकाम्या हव्यात. अमेरिकेहून लोक आपली मुळं शोधायला येतात, त्यांना आठवड्याच्या बोलीने द्यायच्या होत्या. विनीने मुळीच त्रागा केला नाही. गावात सेंट ऍनची आठ खोल्यांची धर्मादाय चाळ आहे. मध्ये बाग, बागेत पेअरचं झाड आणि म्हाताऱ्यांना भाडं नाही. आठ नंबरची खोली नुकतीच रिकामी झाली होती. विनीने अर्ज केला.

ही चाळ सोळाशे एकाहत्तर साली एका कापडवाल्याने मरताना बांधून दिली. त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे रहिवासी गरीब हवा, सभ्य हवा, आणि स्वतः धरून त्याच्या चार पिढ्या गावाच्या हद्दीत जन्मलेल्या हव्यात. गरिबी आणि सभ्यता विश्वस्त नुसती नजरेने ओळखतात. पिढ्यांसाठी मात्र इतिहास मंडळाचा दाखला लागतो. मंडळाची कार्यकारिणी आणि चाळीचे विश्वस्त ही तीच पाच माणसं आहेत, पण गोंधळ होऊ नये म्हणून त्या दोन सभांना ती वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसतात.

अध्यक्ष रॉडनी पार्जिटर म्हणाले की टॅपसेल म्हणजे काय, डोळे मिटून दाखला देऊ. पण डोळे मिटून दाखला दिला तर मंडळ कशाला, असंही त्यांनाच वाटलं. शिवाय यंदा मंडळाचं पन्नासावं वर्ष. त्यांनी विनीचं प्रकरण स्वतःकडे घेतलं आणि दप्तरांचे सहा खोके माझ्या टेबलावर ठेवले. विनी झाली, वडील झाले, आजोबा झाले. चौथे म्हणजे पणजोबा जोब टॅपसेल, जन्म अठराशे चौतीस. त्यांचा कागद मिळेना.

तो मला मिळाला. त्या काळी गावचा कारभार पंचसभा पाहायची; तिच्या त्या वर्षीच्या फेब्रुवारीतल्या नोंदवहीत होता.

"हॅना टॅपसेल, मोलकरीण, अविवाहित, दिवस भरलेले. मूल येथे जन्मल्यास ते कायमचे या गावाच्या पदरी पडेल. सबब हिला आजच गाडीत घालून पुलापलीकडे पोचते करावे. माणसे दोन, बिअर दोन लोट्या." खाली गाडीवाल्याचा जबाब होता. कसायाच्या कोपऱ्यावर बाई ओरडू लागली, पण पूल ओलांडेपर्यंत थांबू नये असा हुकूम असल्यामुळे गाडी थांबवली नाही. त्याखाली गरीबखात्याच्या अधिकाऱ्याची सही होती: थॉमस पार्जिटर.

मी टाइप करताना दोनदा थांबले. लेक झोपलेली होती, तरी तिला उचलून घेतलं.

रॉडनी पार्जिटर यांना मात्र भरून आलं. बावीस वर्षं ते आपल्या घराण्यात एखादा सरकारी हुद्देदार शोधत होते. त्यांनी चष्मा पुसला आणि त्या सहीवरून, कागदाला न टेकवता, हवेतच बोट फिरवलं.

पुलापलीकडच्या लोअर टेंटन गावच्या चर्चमध्ये जोबचा बाप्तिस्मा सापडला. जन्मस्थळ: पुलाजवळील गिरणीची छपरी. झालं. पण चिटणीस डॅफ्नी कल्पिन या न्यायी बाई आहेत. त्यांनी हरकत घेतली की टेंटनचा पाद्री काही छपरीत हजर नव्हता. मूल गाडीतच झालं असेल, पुलाच्या मधल्या हद्दीच्या दगडाच्या अलीकडे झालं असेल आणि छपरीत नुसतं नेऊन ठेवलं असेल, तर ते आमचंच. विनीला खोली मिळेल. या मुद्द्यावर स्थळपाहणी करण्याचा ठराव एकमताने झाला.

स्थळपाहणीला कार्यकारिणीतले चार जण आले. पाचव्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून टेपचं दुसरं टोक विनीला धरायला दिलं. ती थर्मास घेऊन आलीच होती. गिरणीच्या छपरीत आता कुत्र्यांचे केस कापतात. विनी त्या भिंतीला टोक लावून उभी राहिली आणि पार्जिटर दगडापाशी ओणवे झाले.

"रॉडनी, टेप ताणून धरायचा की सैल?" विनीने विचारलं.

"जसा आहे तसा धरा, विनी. तुमच्या प्रामाणिकपणावर आहे सगळं."

"धरलाय रे. हात माझा हलतोय, भिंत जागची हलली नाही."

एकतीस यार्ड भरले. मग वाचनालयाच्या माडीवर परतून गाडीचा वेग ठरवण्यात आला (म्हातारा घोडा, ओला रस्ता, बिअर). कसायाच्या कोपऱ्यापासून हद्दीच्या दगडापर्यंत चार मिनिटं. आता एवढंच ठरायचं होतं की चार मिनिटांत बाळंत होता येतं का. कार्यकारिणीने एकमेकांकडे पाहिलं. या शतकात तो अनुभव घेतलेली मी एकटीच होते. मला तज्ज्ञ म्हणून खुर्ची देण्यात आली.

पार्जिटर अदबीने म्हणाले, "तुमच्या अनुभवाप्रमाणे, ढोबळ मानाने, किती वेळ?"

मी त्याच आठवड्यात पंचसभेची चाळीस पानं तंतोतंत उतरवली होती. तंतोतंत उत्तर द्यायची खोडच लागली होती. मी म्हटलं, एकोणीस तास.

"पहिलंच?"

"पहिलंच."

"हॅनाचंही पहिलंच," त्यांनी लिहून घेतलं. प्रत्येकीचं वेगळं असतं, कुणाचं झटकन होतं, असं मी पुढे बरंच म्हणाले. पण ते मतप्रदर्शन असल्यामुळे नोंदवता आलं नाही. मी विनीकडे पाहिलं. आपली खोली गेली हे तिला कळलं होतं. बाबागाडी हलवायची ती थांबली नाही.

"एकोणीस तास," ती म्हणाली. "कधी बोलली नाहीस गं पोरी."

त्यानंतर मतदानासाठी तिला बाहेर जायला सांगण्यात आलं. जाताना ती कप घेऊन गेली.

ठराव क्रमांक सतरा असा: कुमारी विनिफ्रेड टॅपसेल यांचे पणजोबा एकतीस यार्ड परगावी जन्मल्यामुळे दाखला देता येत नाही, याचा मंडळाला खेद आहे. तथापि त्यांच्या अर्जामुळे मंडळाला पन्नास वर्षांतला सर्वोत्कृष्ट कागद मिळाला, याबद्दल मंडळ त्यांचं हार्दिक अभिनंदन करत आहे. सदर कागदाची एक प्रत त्यांना जाड कागदावर, विनामूल्य देण्यात यावी. (दिली.)

आठ नंबरच्या खोलीसाठी दुसरा उमेदवार शोधण्यात आला. शोधता शोधता असं आढळलं की गावातलं प्रसूतिगृह एकोणीसशे एकसष्ट साली बंद झालं, आणि तेव्हापासून गावातली बाई बाळंतपणाला चौदा मैलांवरच्या मोठ्या इस्पितळात जाते. माझी लेकही तिथलीच. म्हणजे त्यानंतर जन्मलेलं गावात कोणीच गावचं नाही. त्याआधी जन्मलेल्यांत चार पिढ्या भरणारे गरीब तेवढे सातच, आणि ते चाळीतच आहेत. सध्याचे सात म्हातारे गेले की चाळ कायमची रिकामी राहील, आणि कापडवाल्याची इच्छा अक्षरशः पाळली जाईल.

तोवर जागा वाया जाऊ नये म्हणून आठ नंबरच्या खोलीत मंडळाने प्रदर्शन मांडलं आहे. हॅनाचा कागद मधोमध, काचेत. शेजारी गाडीची लाकडी प्रतिकृती, दोन लोट्या आणि थॉमस पार्जिटर यांच्या सहीचं मोठं केलेलं छायाचित्र. लोक दुरून येतात. कागदापुढे उभे राहतात, वाचतात आणि रुमाल काढतात. आतापर्यंत चारशे बारा जणांनी वहीत अभिप्राय लिहिले आहेत. त्या काळी माणसं किती निर्दय होती, असं तीनशे सहा जणांनी लिहिलं आहे. बाळ जगलं का, असं नव्वद जणांनी विचारलं आहे. उरलेल्या सोळांनी चहाची सोय नसल्याची तक्रार केली आहे.

वहीत नावापुढे एक रकाना आहे, मूळचे कुठले. तो एकानेही कोरा सोडलेला नाही. तुम्हाला या रकान्याचं नवल वाटणार नाही. ही लिहिणारी बाई मूळची कुठली, माहेरचं आडनाव काय, हे तुमच्याही मनात केव्हाच येऊन गेलं असेल. हॅनासाठी तुम्ही हळहळलातही असाल. चांगली गोष्ट आहे, ती जाऊन फार वर्षं झाली.

ऑक्टोबर सरत आला. विनी आता कुठे राहते, हे अजून कोणी विचारलेलं नाही. पत्ता मी एका चिठ्ठीवर लिहून बाबागाडीच्या कप्प्यात ठेवलाय, कोणी विचारलाच तर द्यायला. तुम्ही आत्ता इथपर्यंत वाचत आलात. तुम्हीही नाही विचारलात.