भेटण्यास मनाई

खुटबावचे सायकल दुरुस्तीवाले गेणबा अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी दौंडच्या एका खासगी दवाखान्यात दाखल झाले, तेव्हा त्यांच्या बायकोने, झुंबरबाईने, डॉक्टरांचे पैसे पदराला बांधूनच आणले होते. खर्चाचा विषय तिच्या मते तिथे संपला होता. दारातली दुभती म्हैस विकावी लागणार नव्हती.

आमच्या गावात आजाऱ्याला भेटणे हे गावाचे कर्तव्य आहे आणि भेटायला आलेल्याला चहा पाजणे हे आजाऱ्याचे. त्या साली रेशनची साखर महिनाभर पुरत नसे, त्यामुळे कर्तव्यदक्षता फार वाढली होती. सकाळच्या गाडीने आळीवार शिष्टमंडळे निघत, गेणबांच्या टाक्यांची पाहणी करत आणि समोरच्या हॉटेलात त्यांच्याच नावावर चहा-भजी घेत.

"पैशाची काळजी करायची न्हाई, गेणबा. सारा गाव तुमच्या पाठीशी हाय," असे सरपंच हौसराव सांगून जात. भज्यांची दुसरी प्लेट त्यानंतर येई.

शेवटी झुंबरबाई डॉक्टरांकडे गेली. "सायेब, औषधाचं भागतंय. चहाचं न्हाई भागत. कायतरी करा."

डॉक्टर बाहेरगावचे. त्यांनी खोलीच्या दारावर पाटी लावली : भेटण्यास मनाई.

पाटीची बातमी संध्याकाळच्या गाडीने गावात पोहोचली. मनाई म्हणजे प्रकृती गंभीर, असा सर्वानुमते अर्थ लावण्यात आला. दुसऱ्या दिवशी ट्रक भरून गाव आला. न्हावरे गावचे पाहुणे एसटीने आले. आत सोडेनात, म्हणून सगळे हॉटेलातच थांबले. दुःखात माणसाला भुकेचे भान राहत नाही, त्यामुळे किती खाल्ले याचेही राहिले नाही.

गेणबा चालत बाहेर आले तेव्हा निम्म्या लोकांची निराशा झाली. डॉक्टरांचे पैसे चुकते झाले होते. हॉटेलचा आकडा त्याच्या दुप्पट निघाला.

"मामा, वाईच दम धरा की," झुंबरबाई हॉटेलवाल्याला म्हणाली.

"बाई, मी धरीन. दूधवाला धरत न्हाई."

पुढच्या बाजारात म्हैस गेली. झुंबरबाई रिकाम्या गोठ्यात बसून रडली. असल्या प्रसंगी मागे राहणारे आम्ही नव्हे. आम्ही सगळे त्यांच्या ओसरीवर सांत्वनाला जमलो.

"वैनी, म्हैस काय, येतीया आन् जातीया. माणूस वाचलं," हौसराव म्हणाले.

झुंबरबाईने डोळे पुसले आणि चूल पेटवली.

चहा बिनदुधाचा होता. परतताना त्याबद्दल बरीच नाराजी व्यक्त झाली. मला चांगले आठवते, पहिले नाक मीच मुरडले होते.