साहेबाच्या बॅरलांची पूजा

पिस्तुलाच्या बॅरलबद्दल, म्हणजे नळीबद्दल मला जेवढं कळतं, तेवढं टेक्सासमधल्या अर्विंग गावातल्या एकाही मराठी माणसाला कळत नाही! हे मी छातीठोकपणे सांगतो. आता, दोन हजार सात सालापर्यंत मी पिस्तूल कधी हातात धरलं नव्हतं, ही गोष्ट खरी. पण म्हणून काय झालं? क्रिकेटवर तासन्‌तास बोलणारे सगळे काय बॅट धरतात?

हे ज्ञान मी हौस म्हणून मिळवलं नव्हतं. माझं ग्रीन कार्ड आमचा मॅनेजर अर्ल याच्या एका सहीवर अडलं होतं. व्हिसाची मुदत संपत आलेली. सही झाली नाही तर बिऱ्हाड गुंडाळून परत पुण्याला! आणि अर्लसमोर ग्रीन कार्डचा विषय काढला, की तो शिकारीचा विषय काढायचा. त्याला तेवढा एकच विषय होता.

त्याच्याकडे एका वेळी एकच गोळी उडवणारं शिकारी पिस्तूल होतं. त्याची गंमत अशी, की मूठ एकच, तिला हवं ते बॅरल बसवायचं. मिक्सरला कसं चटणीचं भांडं वेगळं आणि इडलीच्या पिठाचं वेगळं, तसं! हरणाला कुठलं बॅरल घ्यावं आणि कायोटीला कुठलं, यावर अर्ल दोन महिने झुरत होता. (कायोटी म्हणजे आपला कोल्हाच, फक्त टेक्सासमध्ये राहणारा.)

मी म्हटलं, "अर्ल, मला एक आठवडा दे."

आठवडाभर मी शिकाऱ्यांच्या सगळ्या वेबसाइट्स पालथ्या घातल्या. एक्सेल शीट बनवली. गोळीचा वेग, वजन, हाताला बसणारा धक्का, बॅरलची लांबी, रंगीत ग्राफसकट! कायोटीला चपळ, हलकी गोळी, म्हणजे ट्वेंटी-टू-टू-फिफ्टी. हरणाला दणकट थ्री-ओ-एट. दोन्ही बॅरलं लांब. ग्राफ बघून अर्लचे डोळे पाणावले.

"पॅरी," तो म्हणाला (परीक्षित हे नाव त्याला कधीच जमलं नाही), "तू जीनियस आहेस! ऑर्डर कर. पण तुझ्या नावानं, तुझ्या घरी. माझ्या घरात पाच बॅरलं आहेत. सहावं दिसलं तर कॉनी मला गॅरेजमध्ये झोपवेल."

"आणि सही?"

"शिकारीचा सीझन सुरू झाला, की लगेच!"

बॅरलं आली. मी माझ्या बायकोला, शैलजाला सांगितलं, "अर्लची आहेत, नीट ठेव." ती त्याच्या बायकोपासून लपवलेली आहेत, हे मात्र सांगितलं नाही. नवरे बायकांपासून वस्तू लपवतात असं एकदा शैलजाला कळलं, की ती माझं कपाट उघडून बसणार. घरात शांतता हवी ना!

त्या वेळी माझ्या सासूबाई, शोभनाताई, नेहमीप्रमाणे दसऱ्यासाठी साताऱ्याहून आलेल्या होत्या. त्यांच्या माहेरी खंडेनवमीला भिंतभर तलवारींची पूजा व्हायची. आमच्याकडे दरवर्षी पूजेला काय? एक स्क्रूड्रायव्हर, माझा लॅपटॉप आणि भाजी कापायची सुरी. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण लॅपटॉपला कुंकू लावताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

खंडेनवमी शनिवारी आली. मला झेंडूची फुलं आणायला पिटाळण्यात आलं. इंडियन ग्रोसरीत ही गर्दी! रांगेतून सुटून परत आलो, तर आमच्या पार्किंगमध्ये एक ओळखीचा, भला मोठा पिकअप ट्रक.

फुलांची पिशवी सांभाळत मी दारातच शैलजाला गाठलं.

"शैलजा! अर्ल कसा काय आला?"

"अरे, आईला कपाटात ती शस्त्रं सापडली. तिला इतका आनंद झाला! म्हणाली, ज्याचं शस्त्र त्याला पूजेला जोडीनं बोलवलंच पाहिजे. मी त्याच्या घरी फोन केला, कॉनीनं उचलला. किती गोड बोलली! म्हणाली, 'अर्लच्या कशाची पूजा?' मी म्हटलं, 'या ना, सरप्राइज आहे.'"

सरप्राइज! मी आत धावलो.

हॉलमध्ये पाटावर लाल खण अंथरलेला. त्यावर माझा लॅपटॉप बाजूला सारून दोन्ही बॅरलं ऐटीत मांडलेली. हळद, कुंकू, अक्षता, समोर पेढे. अर्ल सोफ्याच्या टोकावर बसला होता. त्याचा रंग उडून पार दह्यासारखा झाला होता. शेजारी कॉनी. उंचीनं अर्लपेक्षा वीतभर जास्त, आणि नजर अशी, की खोटं बोलायच्या आधीच पकडलं जावं.

"अर्ल," ती शांतपणे म्हणाली, "ही कोणाची?"

अर्लनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझं ग्रीन कार्ड मला स्पष्ट दिसलं. काठावर उभं होतं बिचारं!

"माझी!" मी ओरडलो. "माझी आहेत! मला शिकारीचा फार नाद!"

"परीक्षितराव, तुमची?" सासूबाईंना एवढं इंग्रजी समजत होतं, हे मला तेव्हा कळलं. "मग शैलू तर म्हणाली..."

"माझीच, आई! तुम्ही आरती सुरू करा!"

आरती झाली. कॉनीनं मनापासून टाळ्या वाजवल्या. मग तिनं नमस्कार करून एक बॅरल उचललं आणि सवयीनं नळीतून पाहिलं. नळीतून चार अक्षता टपकन तिच्या गालावर पडल्या. मी डोळे मिटले.

"छान आहे," ती म्हणाली. "पण हे तर मोठ्या मुठीचं आहे. अर्लच्या पिस्तुलाची मूठ लहान. नशीब, त्यानं नाही घेतलं! त्याच्या पिस्तुलाला हे बसलंच नसतं."

अर्लनं हळूहळू मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आठवडाभराचा अभ्यास! रंगीत ग्राफ! आणि कुठल्या मुठीला कुठलं बॅरल बसतं, हा एक रकाना मी केलाच नव्हता! मिक्सरचं भांडं आणताना शैलजासुद्धा आधी मिक्सर कुठला ते बघते हो!

"तुझी मूठ कुठंय?" कॉनीनं मला विचारलं.

"अं... यायची आहे."

"थांबायचं कशाला? माझ्या डॅडीची मोठी मूठ माझ्याकडे आहे. सीझनच्या पहिल्या शनिवारी तू आमच्याबरोबर चल. मूठ माझी, बॅरल तुझं, हरीण तुझं!"

"नको म्हणजे... ऑफिसचं काम..."

"तो येईल!" अर्ल दात आवळून म्हणाला. "शिकारी आहे ना तो. त्याला फार नाद आहे."

आता नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं तर बॅरलं कोणाची, हे उघडं पडणार. अर्ल गॅरेजमध्ये आणि मी पुण्यात!

सासूबाईंनी त्याच संध्याकाळी सातारा, कराड आणि वाईला फोन करून जावई शिकारीला निघाल्याचं कळवलं. शैलजा मात्र दोन आठवडे एकच प्रश्न विचारत होती, "परीक्षित, तुला झुरळ मारता येत नाही. हरीण कसं मारणार?"

तो शनिवार उजाडला. झाडीत खांबांवर उभारलेल्या एका लाकडी खोक्यात आम्ही तिघं दाटीवाटीनं बसलो. समोर तीन पायांवर मक्याचा मोठा डबा टांगलेला. त्यातून थोडे थोडे दाणे सांडतात आणि ते खायला हरीण येतं, अशी योजना. थंडीनं माझे दात वाजत होते. निदान थंडीनंच, असं मी कॉनीला सांगितलं.

आणि हरीण आलं! देखणं, डौलदार. मान वर करून थेट माझ्याकडे बघायला लागलं.

"तुझं आहे," कॉनी कुजबुजली. "दोन्ही हातांनी घट्ट धर. श्वास सोड. मग चाप ओढ."

मी घट्ट धरलं. श्वास सोडला. डोळे मिटले. हे तिनं सांगितलं नव्हतं, मी आपण होऊन केलं. चाप ओढला!

केवढा तो आवाज! पिस्तूल उसळून माझ्या टोपीला लागलं, टोपी अर्लच्या कॉफीत पडली. डोळे उघडले तर हरीण जिथल्या तिथं. गोळी मक्याच्या डब्यातून आरपार गेली होती आणि भोकातून दाण्यांची धार लागली होती. हरणानं क्षणभर विचार केला, दोन दाणे चाखले, आणि थोड्याच वेळात झाडीतून त्याचं अख्खं खानदान जेवायला आलं. पिल्लंसुद्धा!

कॉनी हसून हसून लोटपोट झाली. अर्ल हसला नाही. तो माझ्याकडे बघतच राहिला.

सोमवारी त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. अर्लनं पेन काढलं, कागद पुढं ओढले आणि ऐटबाज सही ठोकली.

"पॅरी, तुझ्यासारखा माणूस या देशात राहायलाच हवा."

मी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "थँक यू, अर्ल! तू माझ्यासाठी एवढं..."

"माझे आभार नको मानूस," तो म्हणाला. "मी हरणांच्या वतीनं बोलतोय."