दत्तराव कॉम्प्युटरला जपानी शिकवतात

धाकटा भाऊ जपानमध्ये वारला आणि त्याच्या अस्थी घेऊन त्याची जपानी बायको परभणीला आली. घरात एवढं दुःख असताना दत्तरावांनी जरा गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं हे खातं त्यांच्याकडे कधीच नव्हतं. "काळजी करू नका," ते म्हणाले, "मी कॉम्प्युटरला जपानी शिकवतो."

दत्तराव एका खाजगी शाळेत हेडक्लार्क. ब्याण्णव सालच्या त्या एप्रिलात शाळेत नवा कॉम्प्युटर आला होता, आणि तो चालवणारा शाळेतला एकमेव माणूस म्हणजे दत्तराव. (चालवणारा म्हणजे चालू करणारा. बंद करताना अजून वहीत बघावं लागायचं.)

भाऊ रायभान शेतीच्या अवजारांचं शिक्षण घ्यायला गेला, तिकडच्याच कारखान्यात चिकटला आणि लग्न करून बसला. दोनदा गावी येऊन गेला तेव्हा बायकोचं बोलणं तोच सगळ्यांना मराठीत सांगायचा. आता सांगणाराच देवळीत ठेवलेल्या पांढऱ्या कापडाच्या पुडक्यात होता. मेंदूत रक्तस्राव झाला, एवढंच तारेत कळलं होतं.

फुमिको दिवसभर त्या देवळीसमोर गुडघे मोडून बसायची. दत्तरावांची म्हातारी आई कासाबाई तिच्यासमोर बसायची. मधे भाकरीचं ताट तसंच वाळायचं. कासाबाईला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती रोज तेच विचारायची.

"फुमे, माझ्या रायभानच्या तोंडात शेवटी पाणी कोणी घातलं गं?"

फुमिको मान खाली घालून म्हणायची, "सॉरी." तिच्याजवळ इंग्रजीचे तीन-चारच शब्द होते. दत्तरावांच्या इंग्रजीला 'विथ रेफरन्स टू युवर लेटर'शिवाय पुढं सरकता येत नव्हतं.

म्हातारीनं अन्न सोडलं तेव्हा दत्तराव इरेला पेटले. रायभानच्या सामानात फ्लॉप्या निघाल्या होत्या, वर जपानी अक्षरं. फुमिकोनं बोटं हवेत आपटून दाखवलं की यावर टाइप होतं. झालं! 'निकालाचं काम घरून करतो' असं मुख्याध्यापकांना सांगून दत्तरावांनी कॉम्प्युटर प्रिंटरसकट रिक्षात घातला. पडदा स्वतःच्या मांडीवर घेतला, नव्या नवरीला घ्यावं तसा. पूर्वतयारी म्हणून स्टेशनसमोरच्या दुकानातून जपानी शिकवणारं एक पातळ पुस्तकही आणलं आणि त्याचं पहिलं पान पाठ केलं. (पहिलंच. पुढची पानं चिकटलेली होती.)

रविवारी सकाळी देवळीसमोरच टेबल लावलं. दत्तरावांची बायको कमलबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "अवो, शाळेचा निकाल हाय ना त्यात? काही झालं म्हंजे?"

"तुला काय कळतं त्यातलं? काही होत न्हाई."

फ्लॉपी आत गेली. मशीन घरघरलं. पडद्यावर चिमण्यांच्या पायांसारखी अक्षरं उमटली. घरातले सगळे पुढं सरकले, कासाबाईसुद्धा. मशीन काहीतरी विचारत होतं. शेवटी कंसात फक्त दोन ओळखीची अक्षरं होती, वाय आणि एन.

"काय म्हणायलंय?" कासाबाईनं विचारलं.

"परवानगी मागायलंय. लय नम्र लोकं असतेत."

दत्तरावांनी वाय दाबला. मशीननं पुन्हा विचारलं, या वेळी लाल अक्षरांत. फुमिकोनं ते वाचलं मात्र, ती उभीच राहिली.

"नो!" ती ओरडली. "नो! नो!"

दत्तरावांचा चेहरा उजळला. "बघा! 'नो' म्हंजे त्यांच्यात चा, ची, चे. पहिल्याच पानावर हाय. रायभानचा, रायभानची... काहीतरी त्याचंच सांगायलीय ती!" आणि त्यांनी दुसऱ्यांदा वाय दाबला.

फुमिकोनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

बराच वेळ मशीन आतल्या आत कुरतडत राहिलं. मग फुमिकोनं एका तळव्यावरून दुसरा तळवा फिरवला आणि दोन्ही हात मोकळे करून दाखवले. पाटी पुसल्यावर पोरं दाखवतात तसे. तेवढी भाषा दत्तरावांनाही कळली. पाचवीपासून नववीपर्यंत अख्ख्या शाळेचा निकाल त्या तळव्यावरून गेला होता. पास गेले, नापासही गेले.

दत्तराव मटकन खाली बसले. नोकरी डोळ्यांसमोर तरंगायला लागली. तरी त्यांनी धीर केला. "जाऊ द्या. जपानी तर आलं ना? बस फुमिको. लिही. माय काय विचारती ते तुला माहीत असंल-नसंल, पण तू सगळं लिही."

ती बसली. मग बोटं चालायला लागली आणि थांबेनात. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून खाली गळत होतं, ते पुसायलाही ती थांबली नाही. प्रिंटरनं करकरत दोन पानं भरून काढली. तिनं ती दोन्ही हातांत धरून, वाकून, सासूपुढं केली.

कासाबाईनं कागद डोळ्यांना लावला. मग दत्तरावांकडं दिला. "वाच."

दत्तरावांनी कागद वरून बघितला, खालून बघितला, उजेडात धरला.

कमलबाई हळूच म्हणाली, "लिहिलं तिनं. आता वाचायचं कोणी?"

हा प्रश्न इतक्या दिवसांत दत्तरावांच्या मनाला एकदाही शिवला नव्हता. (त्यांच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल की घरातल्या दुसऱ्या कोणाच्याही मनाला तो आधी शिवला नव्हता. पण दुसऱ्या कोणी शाळाही पुसली नव्हती.)

म्हातारीचा चेहरा पडला. ती भिंतीला धरून उठली, माठातलं पाणी फुलपात्रात घेतलं आणि फुमिकोसमोर येऊन बसली. देवळीतल्या पुडक्याकडं बोट केलं. मग ते बोट पाण्यात बुडवून स्वतःच्या ओठांना लावलं आणि हात हलवून विचारलं, कोणी?

फुमिकोनं त्या ओल्या बोटाकडं बघितलं. मग उठली. देवघरातल्या वातींचा कापूस घेतला, उदबत्तीच्या काडीला गुंडाळला, पाण्यात भिजवला. आधी तो स्वतःच्या छातीवर टेकवला, म्हणजे मी. आणि मग म्हातारीचं डोकं एका हातानं सावरून तिच्या सुकलेल्या ओठांवरून तो ओला कापूस हळूहळू फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"त्यांच्यातबी घालतेत," कासाबाई पुटपुटली. "एकटा न्हाई गेला माझा लेक." आणि सुनेच्या मांडीवर डोकं ठेवून, अस्थी घरी आल्यापासून पहिल्यांदाच, ती मोठ्यानं रडली. त्या दिवशी दोघींनी एका ताटात भाकरी खाल्ली.

दत्तराव टेबलाजवळ कागद धरून उभे होते. मशीन तर चालूच राहिलं होतं. बंद कसं करायचं, हेही ते आता जपानीत सांगत होतं.

सोमवारी मुख्याध्यापकांनी विचारलं, "निकाल कुठंय?"

"सर, मशीन जपानी बोलायलंय."

घरात दुखवटा होता म्हणून नोकरी वाचली. औरंगाबादहून माणूस येऊन मशीन दुरुस्त करून गेला आणि गुणपत्रकांचे गठ्ठे दत्तरावांच्या टेबलावर आले. मेचा सगळा उन्हाळा त्यांनी एकेक पोरगं परत वर्गात बसवलं.

अस्थी गंगाखेडला गोदावरीत सोडल्या आणि फुमिको परत निघाली. स्टेशनवर ती कासाबाईच्या गळ्यात पडली, कमलबाईच्या पडली. मग दत्तरावांसमोर आली. या माणसानं आपल्यासाठी केवढा खटाटोप केला, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. घरात ते दिसले की सासू आणि जाऊ जे म्हणायच्या तेच त्यांचं नाव, असं तिनं धरलं होतं. ते नाव, त्यांच्याकडचं आदराचं 'सान' पुढं जोडून, तिनं मनातल्या मनात घोटून ठेवलं असावं.

दोन्ही हात जुळवून, कमरेत पार वाकून, अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात, अतिशय आदरानं ती म्हणाली,

"थँक यू, येडपट-सान."

दत्तरावही कमरेत वाकले.