गुलाबाची सूज आणि आजोबांचं गाऱ्हाणं

"गुलाबाची सगळी शुश्रूषा मी करणार! एकटी!" मी पडवीत उभं राहून जाहीर केलं. नुकताच तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला होता. त्यामुळे त्या दिवसांत मी 'मीठ दे' हेसुद्धा जाहीरच करायचे.

गुलाब म्हणजे आमचा अडीच वर्षांचा पाडा, गाईचं खोंड. जन्मला तेव्हा नाक गुलाबी होतं, म्हणून नाव मीच ठेवलं. आई लवकर गेली त्याची. बाटलीने दूध पाजून मी त्याला वाढवला, आणि मोठा झाल्यावर त्याने शेजारच्या काशीकाकीची तीन कुंपणं, न्हाणीघराचं दार आणि वालीच्या वेलाचा अख्खा मांडव आडवा केला! शेवटी बाबांनी निकाल दिला.

"खच्ची करून घेवया. तरीय सुधारलो नाय, तर बांद्याच्या पावण्यांका देवन टाकतलंय. मगे रडा नको!"

म्हणजे गुलाब राहणार की जाणार, ते आता माझ्या हातात होतं. आणि माझ्या हातांवर माझा भलताच विश्वास होता!

गुरांचे डॉक्टर आले. घाटावरचे, नुकतेच इकडे बदलून आलेले. हातात एवढा मोठा चिमटा. "कापाकापी नाही, रक्त नाही. भुलीची सुई द्यायची, बाहेरून नस दाबायची, संपलं," ते म्हणाले. चौघांनी गुलाबाला दोरांनी आडवा पाडला. डॉक्टर सुई घेऊन वाकले, इतक्यात आजोबा ओरडले, "थांबा! गाऱ्हाणा खंय घातलात?"

आता नवीन गाडी असो की नवीन विहीर, आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय काही सुरू होत नाही. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. डॉक्टरांना वाटलं, दोन मिनिटांचं काम. आजोबा सुरू झाले की देवच घड्याळ बघतो!

"बा देवा म्हाराजा! आज ह्या गुलाबाचा जा काय कार्य करूक घेतलेला आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"ता बिनबोभाट पार पडांदे रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

पंधरा मिनिटांनी डॉक्टरांचा धीर सुटला. एका 'व्हय'ला त्यांनी सुई टोचली. थोडं थांबून पुढच्या दोन 'व्हय'ना चिमटा दाबला. गुलाबाने असा हंबरडा फोडला की कसालच्या स्टँडवर लोकांनी एसटी आली म्हणून पिशव्या उचलल्या असतील!

"आता काळजी अशी घ्यायची..." डॉक्टर हात धूत म्हणाले.

"माहीत आहे, सर! आजोबांचा पाय मुरगळला तेव्हा मीच बघितलं होतं. थंड पाणी, चांगलं खाणं आणि पूर्ण विश्रांती!"

"हो, पण एक गोष्ट..."

"तुम्ही निर्धास्त जा, सर!"

ते बिचारे गेले.

मी गुलाबाला गोठ्यात आखूड बांधला. हलायचं नाव नाही! हिरवा चारा तोंडाशी, पाण्याची बादली नाकाशी, वर टेबलफॅन. सूज मोजायला वही केली. पहिल्या दिवशी लिहिलं, 'आंब्याएवढी'. दुसऱ्या दिवशी, 'पपईएवढी'. तिसऱ्या दिवशी मी वही बंद केली, कारण पुढे फणस होता.

त्याच दिवशी काशीकाकीकडे नवीन स्कूटर आली. अंगणातून आवाज आला, "व्हय म्हाराजा!" आणि इकडे गुलाब चारी पायांवर ताडकन उडाला! डोळे पांढरे, शेपूट ताठ. त्याच्या डोक्यात 'व्हय म्हाराजा' म्हणजे मागून चिमटा, हे पक्कं बसलं होतं!

मी घरोघर फिरले. "आठ दिवस गाऱ्हाणी हळू घाला हां!"

"देवाक आता मेसेज धाडू काय गो?" काशीकाकी म्हणाली. पण माझ्या तोंडाकडे बघून वाडीने ऐकलं. दुसऱ्या दिवशी एका विहिरीचं गाऱ्हाणं चक्क कुजबुजत झालं. सातजण खाली माना घालून नारळाभोवती पुटपुटत होते. रस्त्याने जाणाऱ्याने चप्पल काढून विचारलं, "कोण गेलो?"

रविवारी मात्र घात झाला. शेतात अंडरआर्म क्रिकेटची स्पर्धा. उद्‌घाटनाचं गाऱ्हाणं माईकवर. आणि माईक आमच्या आजोबांच्या हातात!

"बा देवा म्हाराजा!"

मी धावले, पण दोनशे माणसांचा "व्हय म्हाराजा!" माझ्याआधी गोठ्यात पोचला. गुलाब खुंटा उपटून सुटला! खुंटा मागे, मी त्याच्या मागे. मैदानात शिरला तसा अंपायर आंब्यावर चढला, यष्टिरक्षक यष्ट्या घेऊन पळाला. लोक मला जोर द्यायला ओरडले, "व्हय म्हाराजा!" आणि गुलाब आणखी जोरात!

माईकवर समालोचन करणारा सर्वेश पेटला होता. "चौथो फेरो! गुलाब पुढे! शर्मिष्ठा मागसून जिद्दीन येता हा!"

सातव्या फेऱ्यानंतर गुलाब दमला. त्याआधी काशीकाकीचं चौथं कुंपण गेलं होतं.

"संपला," बाबा म्हणाले. "सकाळी बांद्याक फोन लावतंय."

मी रात्रभर रडले. सकाळी फणसाची भीती होती म्हणून डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी वाकून बघितलं, पुन्हा बघितलं.

"वा! सूज निम्मी उतरली! काल याला कुणी फिरवलं?"

आजोबा टोपी सावरत गोठ्याबाहेर सटकले.

"रोज फिरवायचं, हेच त्या दिवशी सांगत होतो. पण ताईंनी बोलूच दिलं नाही. बांधून ठेवलंत म्हणून सूज वाढली. आणि हो, स्वभाव शांत व्हायला महिना जातो. लगेच नाही."

बाबांनी हातातला फोन खिशात ठेवला. मला उडीच मारायची होती!

"एक महिनो थांबतंय," ते म्हणाले. "पण फिरवतलो कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. काशीकाकीने तर बोटच दाखवलं.

रोज सकाळी पाचला आणि शाळेतून आल्यावर पुन्हा. म्हणायला मी गुलाबाला फिरवत होते. खरं म्हणजे तो जाईल तिकडे मी दोरीला लटकून जात होते! पहिल्या आठवड्यातच मी घरी येऊन पडवीत भिंतीला टेकायचे, ती जेवायलाच उठायचे.

महिना सरला. गुलाब आता काशीकाकीच्या दारातून मान खाली घालून जातो. काकी त्याला भाकरी भरवते. बांद्याचा विषय कुणी काढत नाही.

परवा डॉक्टरांनी रस्त्यात बाबांना विचारलं, "आला का गुण?"

"इलो तर!" बाबा म्हणाले, आणि गुलाबाची दोरी धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे त्यांनी बघितलं. "गुलाबाक महिनो लागलो. चेडवाक आठवड्यातच इलो."

यावर मला बरंच काही बोलायचं होतं. पण उभ्या उभ्याच डोळा लागला.