वडिलांच्या लग्नाची रजा

उमरग्यात हायवेला आमचं पार्लर आहे. बोर्डावर ‘व्हिडिओ गेम’ लिहिलंय, आत जुगार चालतो. उगाच आडपडदा कशाला! मी तिथला सुपरवायझर. आणि छातीठोक सांगतो, इकडं सोलापूर आणि तिकडं हैदराबाद, मधे कुठंही आमच्यासारखी व्यवस्था नाही!

आमच्या महारुद्रशेठनी ऑफिसातला कॉम्प्युटरच विकून टाकला. नोकर ऑफिसात जाऊन बसले की बाहेर गिऱ्हाइकाकडं बघायला कुणी नसतं म्हणून. आता सगळा कारभार जुगाराच्या मशीनमधून. गळ्यातलं कार्ड मशीनला लावायचं, चालू खेळ थांबतो आणि त्याच पडद्यावर ऑफिस उघडतं. हजेरी, तक्रार, ड्युटी, रजा, सगळं. बटणं मात्र तीच, जुगाराची! ही आयडिया शेठच्या डोक्यात मीच भरवली. पोरांना दमही मीच दिला, “तोंडी रजा बंद! मशीननं व्हय म्हटलं तरच गेटच्या भायेर!” भागवत नावाचा एकजण न विचारता गावी गेला. परत आला तर त्याचं कार्डच चालेना. नोकरी गेली ती गेलीच.

मग एका बाजाराच्या दिवशी तेरहून धाकट्या बहिणीचा, दीपालीचा फोन आला.

“दादा, आबा गेले रे. लवकर नीघ. समदे तुझ्यासाठी खोळंबलेत. अग्नी तुलाच द्यायचाय.”

“निघालोच!”

तुम्ही म्हणाल, मग सरळ निघायचं की! तुमचं काय जातंय? माझी बायकापोरं ह्याच पगारावर जेवतात.

सगळी मशीनं भरलेली. हरणारा माणूस खुर्ची सोडत नाही, म्हशीला गोचीड चिकटावी तसा चिकटतो. त्यातल्या त्यात ओळखीचे म्हणून टायरवाल्या शंभुलिंगअण्णांकडं गेलो.

“अण्णा, जरा उठता का? रजा टाकायचीय.”

“खुळा झालास का? सकाळपासनं हिच्या पोटात पैसा घालतोय. आता ही देनार! मी उठलो की शेजारचा मारून नेतोय.”

“अण्णा, माझे वडील वारलेत.”

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली. “लई वाईट झालं बग. पन उठत न्हाय मी. तू माझ्या मांडीवर बस.”

बसलो! बाप मेला त्या दिवशी परक्याच्या मांडीवर बसलो!

कार्ड लावलं. चित्रं फिरायची त्या खान्यांत रजेची कारणं फिरायला लागली. पहिल्या खान्यात ‘वडील’ आणून थांबवलं. दुसऱ्यात आजारपण, मयत, लग्न गरगरत होतं. बटण दाबणार, तेवढ्यात अण्णांचा हात आडवा आला.

“थांब, तुला टायमिंग न्हाय!”

त्यांनीच दाबलं. ‘वडील – लग्न’. अर्ज गेला!

“अण्णा! काय केलंत हे!”

“एका घरानं हुकलं रे!” अण्णा हळहळले.

मंजुरी सुपरवायझरनं द्यायची. सुपरवायझर मीच, आणि स्वतःची रजा स्वतःला मंजूर करता येत नाही म्हणे! शेठना फोन लावला. ते घरी जेवत होते.

“शेठ, फोनवरच हो म्हणा की.”

“तोंडी बंद, असं कोण म्हणलं होतं? येतो जेवून.”

पुन्हा दीपाली. “दादा, कुठवर आलास?”

“नळदुर्गजवळ हाये.”

“मग मागं वाजंत्री कसली?”

मशीनं मागं वाजतच होती. मी फोन कापला.

शेठ ढेकर देत आले. कार्ड लावलं आणि न वाचताच मंजूर करून मोकळे झाले. मशीन पेटलंच! घंटा घणघणल्या, पडद्यावर सोन्याची नाणी पडायला लागली आणि वर ही एवढाली अक्षरं – ‘अभिनंदन! वडिलांच्या लग्नाच्या शुभेच्छा!’ अख्खं पार्लर टाळ्या वाजवायला लागलं. “म्हाताऱ्यानं जमवलं की रं!” कुणीतरी शिट्टी मारली. झाडणारी मल्लम्मा तेवढी तोंडाला पदर लावून रडत होती. तिला वाचता येत नाही.

“शेठ, लग्न न्हाय हो, मयत!”

“मग ही रद्द कर आनि नवी टाक. मयतीला पूर्ण दिवस हाये, लग्नाला अर्धाच.”

पण अण्णांनी तोवर मला मांडीवरनं ढकलून खेळ सुरू केला होता. म्हटलं, अर्धा तर अर्धा! पळालो. मिळेल ती एसटी, मिळेल ती जीप.

तेरला पोचलो तर नदीच्या काठावर चिता निम्म्याच्या वर जळून गेलेली. माणसं पांगत होती. दीपालीची ओढणी ओलीचिंब, खांद्यावर मडक्याच्या पाण्याचे ओघळ.

“वाट बगून बगून म्याच दिला अग्नी,” ती म्हणाली. “चुलते लई वरडले. म्या म्हनलं, दादा येतोय म्हनून आबांना किती येळ असं ठिवायचं?”

“बरं केलंस,” म्हणालो.

“किती दिवस हायेस?”

मी खरं ते सांगितलं. अर्धा दिवस, तोही अर्ज टाकला तिथनं मोजतात. शेठचं जेवण, तुळजापुरात एसटीची वाट बघणं, सगळं त्यातच गेलं, रजा वाटेतच संपली.

तिनं ओढणीचं टोक पिळलं. मग तिनं हळूच विचारलं, “मंग दादा, आत्ता तू ड्युटीवर हायेस व्हय?”

मी चितेकडं बघितलं. नियमाप्रमाणं होतोच की!

“व्हय,” म्हणालो.