पंच क्रमांक एक

खडकेवाडीच्या पाझर तलावात मासे आहेत ही गोष्ट शासनाला १९७९ सालापर्यंत ठाऊक नव्हती आणि तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. बहात्तरच्या दुष्काळात गावानं कामावर मिळणारी सुकडी खाऊन हा तलाव खोदला. पुढं पाऊस पडला, पाणी साठलं, पाण्यात मासे आले आणि ज्यांनी मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या ते फावल्या वेळी काठावर गळ टाकून बसू लागले. मग कुणीतरी शासनाला माशांबद्दल कळवलं. तलाव रीतसर एका मत्स्य सहकारी संस्थेकडं गेला. संस्थेचे चेअरमन आबाराव जिवंत माशाला हात लावायला घाबरत. सभासद सगळे त्यांच्या नात्यातले पाहुणे होते आणि त्यातले निम्मे परंड्याला राहत. ‘परवानगीशिवाय काठावर बसण्यास मनाई आहे’ अशी पाटी लागली आणि पाटीखाली बसायला कोंडीराम नावाचा राखणदार नेमला गेला.

या पाटीचं सगळ्यात जास्त दुःख शिवशरण गुरुजींना झालं, पण ते कुणाला सांगता येईना. गुरुजी शाळेचे हेडमास्तर. घरात रोज लिंगपूजा, आणि बायकोच्या, म्हणजे पार्वतम्मांच्या स्वयंपाकघरात अंड्याचं नावसुद्धा निघत नसे. अशा माणसाला गळाचं वेड लागलं होतं. मासा त्यांनी जन्मात चाखला नव्हता. त्यांना फक्त ते बसणं हवं होतं. दर रविवारी सांडव्यापलीकडच्या बाभळीखाली, पाण्यावर तरंगणाऱ्या भेंडाच्या तुकड्याकडं बघत दोन तास बसलं की शाळातपासणी, जनगणना आणि पार्वतम्मांचा भाऊ या तिन्हींचा त्यांना विसर पडे. दोरा आणि गळ ते छत्रीत गुंडाळून आणत आणि काठी म्हणून छत्रीच वापरत. पावसाचा टिपूस नसलेल्या मुलखात हेडमास्तर बारा महिने छत्री घेऊन का हिंडतात, असं त्यांना कुणी कधी विचारलं नाही. लागलेला मासा ते शेजारी बसणाऱ्या मालनबाईच्या टोपलीत टाकत.

पाटी लागल्यावरच्या पहिल्याच रविवारी कोंडीराम आला. त्याची चाहूल लागताच गुरुजींनी दोरा आत ओढून छत्री मिटली. मालनबाईला मिटायला काही नव्हतं, ती सापडली.

“बरं झालं गुरुजी हायेत,” कोंडीराम म्हणाला. “पंचनाम्याला सही येणारा अब्रूदार मानूस लागतो. पंच क्रमांक एक म्हणून करा सही.”

गुरुजींनी वाचलं : ‘सदर बाई आमच्या समक्ष अवैधरीत्या गळ टाकताना आढळून आल्या.’ मालनबाईनं एकदा छत्रीकडं बघितलं आणि अंगठा पुढं केला. गुरुजींनी सही केली. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. पुढच्या रविवारी ते पुन्हा गेले, कोंडीराम पुन्हा आला आणि त्यांनी पुन्हा सही केली. दोन वर्षांत एकतीस पंचनामे झाले. पंच क्रमांक दोन पोस्टमन बलभीम हा कधी असे, कधी घरी बसून सही पाठवी. पंच क्रमांक एक मात्र जातीनं हजर असत. त्यांच्या वळणदार सहीचं आबारावांनी संस्थेच्या वार्षिक सभेत कौतुक केलं.

मनाला लागलं म्हणून म्हणा, किंवा हातातला गळ लपवून लपवून कंटाळले म्हणून म्हणा, गुरुजींनी ‘गळधारक हक्क कृती समिती’ काढली. ज्यांनी तलाव खोदला त्यांना काठावर बसू द्या, एवढीच मागणी. स्वतःचं पद त्यांनी ‘निरपेक्ष मार्गदर्शक’ असं लिहिलं आणि त्यातला पहिला शब्द शाईनं दोनदा गिरवला. समितीचा सेक्रेटरी बाबू हा तडफदार गडी. भूमच्या बाजारात तो भाषणं करी : “गुरुजीला सोताला मासा चालत न्हाय, तरी आपल्यासाठी झटत्यात.” गुरुजी तेव्हा छत्रीच्या टोकानं जमीन उकरत.

अर्ज गेले. काठ हा जमिनीत धरावा की पाण्यात, याचा खुलासा मागवण्यात आला. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर काठ आत सरकतो, तेव्हा अर्जदारही सरकणार काय, अशी विचारणा झाली. गुरुजींनी सगळ्याला सुवाच्य उत्तरं दिली. अखेर एकोणीस महिन्यांनी आदेश निघाला : ‘ज्या इसमांची सदर काठावरील वहिवाट कागदोपत्री सिद्ध होईल, त्यांना बसण्याचा कायम परवाना देण्यात यावा.’

आता काठावर बसल्याचा कागद कुणाकडं असणार? ज्याला पकडलं त्याच्याकडं. मालनबाईचे अकरा पंचनामे निघाले, त्यामुळं ती ज्येष्ठ वहिवाटदार ठरली. बाबूचे दोन होते, तो तिच्याशी अदबीनं बोलू लागला. जे जपून मासे धरत आले होते त्यांची मात्र गाळण उडाली. मुदत पंधरा दिवसांची होती. ते कोंडीरामाच्या दारात रांग लावून आम्हाला पकडा म्हणून विनवू लागले. कोंडीराम सकाळच्या चहाआधी कुणाला पकडेनासा झाला.

गुरुजीही निघाले. त्यांनी भर दुपारी पाटीखालीच बैठक मारली आणि गळ उघडउघड पाण्यात सोडला. कोंडीराम धावत आला.

“कुनाचा गळ जप्त केलाव, गुरुजी? पळालं व्हय त्ये?”

“माझाच आहे. कर पंचनामा.”

“तुमचं आपलं कायतरीच,” कोंडीराम म्हणाला. “उनात बसून डोस्कं तापलं तुमचं.” त्यानं छत्री हातात घेतली, उघडली आणि गुरुजींच्या डोक्यावर धरून उभा राहिला. छत्रीच्या टोकाला दोरा लोंबत होता आणि त्याच्या शेवटी गांडूळ वळवळत होतं.

सुनावणीला हणमंतप्पा नावाचे साहेब आले. सगळं गाव शाळेच्या पटांगणात जमलं. बाभळीखालची जागा कायमची जाणार हे गुरुजींना दिसत होतं. ते उठले आणि पार्वतम्मांच्या देखत म्हणाले, “साहेब, मी स्वतः सात वर्षं या तलावावर गळ टाकतो. संस्था आल्यावर चोरून टाकत होतो.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. गोरगरिबांचा गुन्हा अंगावर घेणारा शिक्षक या तालुक्यात आहे याचा बाबूला गहिवर आला. आबारावांनी हार मागवला. पार्वतम्मा शेजारणीला म्हणाल्या, “ह्यांचं असंच, दुसऱ्यासाठी खोटं बोलतील.”

मालनबाई तेवढी उभी राहिली. “खरंय, सायेब. म्या डोळ्यानं बघितलंय. सात वर्सं त्यांनी धरलेलं मासं म्या खाल्लंय.”

साहेबांनी सगळे पंचनामे सावकाश चाळले. मग ते गुरुजींना जवळ बोलावून हलक्या आवाजात म्हणाले, “तुमचं म्हणणं मी लिहून घेतो. पण मग तुम्ही निःपक्ष पंच उरत नाही. पंच खोटा तर पंचनामे खोटे. पंचनामे खोटे तर वहिवाट कुणाचीच नाही. या बाईचीसुद्धा नाही. लिहू?”

गुरुजींनी मालनबाईकडं बघितलं. पाट्या वाहून तिच्या डोक्यावर पडलेला घट्टा अजून दिसत होता, आणि जन्मात पहिल्यांदा तिला सरकारकडून काहीतरी मिळत होतं.

“नको,” गुरुजी म्हणाले. “मी भावनेच्या भरात बोललो.” हार आला, तो त्यांनी घालून घेतला.

आता परवानेवाले काठावर उजळ माथ्यानं बसतात. तेरखेड्याकडची माणसं घुसतात अशी तक्रार बाबूनंच केली, त्यामुळं बंदोबस्त वाढला आहे. गुरुजींची कायम मानद पंच म्हणून नेमणूक झाली. त्यांना काठावर बसता येतं, पण छत्री मिटून. मालनबाई मात्र दर रविवारी त्यांच्या शेजारी बसते आणि दर थोड्या वेळानं म्हणते, “गुरुजी, घडीभर माजी काठी धरा, म्या पानी पिऊन येते.” इतकं पाणी लागणारी बाई गावात दुसरी नाही. ती गेली की गुरुजी काठी धरतात, भेंडाकडं बघतात आणि त्यांना बरं वाटतं.

कालच कोंडीरामानं वाशीच्या बाजूचा एक म्हातारा पकडला आहे. गुरुजींची सही झाली. पोस्टमन बलभीमची मात्र बदली झाली, त्यामुळं पंच क्रमांक दोनची जागा रिकामी आहे. माणूस अब्रूदार हवा, वाचता येणारा हवा, आणि त्या वेळी तो स्वतः तिथं काय करत होता हे त्याला कुणी विचारणार नाही असा हवा. आपण इथवर वाचलंच आहे. गुरुजींच्या सहीखाली फुली केली आहे, तिथं सही करा.