झानबोराचा पाय

"अहो, ती पाटी आधी खाली उतरवा! अख्खी पेठ हसतेय आपल्याला!" तोमेयोबाई रस्त्यातून ओरडल्या.

गेन्साकु कुवाबारांनी शिडीवरून वळूनसुद्धा पाहिलं नाही. आपल्या सार्वजनिक न्हाणीघराच्या दारावर ते कापडी फलक ताणून बांधत होते. फलकावर त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलं होतं – 'झानबोरा लवकरच हे न्हाणीघर तुडवणार आहे. सर्वांनी सहकुटुंब पाहावे.'

झानबोरा हा समुद्रातून उठणारा, डोंगराएवढा राक्षस. टोकियोचा एक स्टुडिओ त्याच्यावर सिनेमा काढत होता आणि समुद्रातून वर आल्यावर त्याचं पहिलं पाऊल याच बंदराच्या गावात पडणार होतं. खरं गाव कोण मोडू देणार? म्हणून स्टुडिओतली हिसानो नावाची एक मुलगी कॅमेरा घेऊन आली होती. घरांचे फोटो काढायचे, त्यांवरून गुडघ्याएवढी घरं बनवायची आणि ती राक्षसाच्या पायाखाली द्यायची, हे तिचं काम.

गावात राक्षसांचे सिनेमे कोणाला आवडत नव्हते? पण गेन्साकुंची भक्ती वेगळीच. नवा राक्षस आला की न्हाणीघर बायकोवर सोपवून ते थिएटरात जाऊन बसत आणि शेवटी राक्षस मेला की रुमाल ओला करून घरी येत. त्यामुळे हिसानोच्या नकाशात न्हाणीघर नाहीच हे कळल्यावर त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली.

"झानबोरा मासळीबाजारातून निघतो, कोपऱ्यावरचं दारूचं दुकान तुडवतो आणि सरळ स्टेशनावर जातो," हिसानो म्हणाली. "तुमची गल्ली बाजूला राहते, काका. घाबरू नका."

"घाबरतंय कोण? त्या इनागाकीचं दुकान तुडवणार आणि माझं न्हाणीघर नाही? माझ्या धुरांड्याएवढं उंच या गावात दुसरं आहे काय?"

त्या दिवसापासून हिसानोची बडदास्त सुरू झाली. रोज फुकट आंघोळ, आंघोळीनंतर भाजलेला बांगडा, जाताना हातात संत्री. शेवटी बिचारी म्हणाली, "बरं काका, वळवते त्याला तुमच्या गल्लीत."

"लोकांना घर राहावं असं वाटतं, तुम्हाला मोडावं असं," तोमेयोबाई त्या दिवशी कपाळावर हात मारून म्हणाल्या. "काय मिळतं हो त्या राक्षसात?"

गेन्साकु भट्टीत लाकूड सारत म्हणाले, "युद्धात आपलं पहिलं न्हाणीघर जळलं, तेव्हा विमानं दिसली तरी का? हा निदान समोरून येतो. ओरडून सांगून येतो. आणि सिनेमा संपला की आपण बाहेर येतो, तर गाव जागच्या जागी! यापेक्षा भला राक्षस कुठला?"

मग तो फलक लागला, तोमेयोबाई रस्त्यातून ओरडत राहिल्या तरी. डोंगरापलीकडच्या मेव्हण्याला, लांबच्या आत्याला, झाडून सगळ्यांना निमंत्रणं गेली. सिनेमा लागला त्या रविवारी दुपारी कुवाबारा मंडळींनी थिएटराच्या मधल्या रांगा भरून टाकल्या. गेन्साकु लग्नातला कोट घालून बसले होते.

पडद्यावर समुद्र उकळला, झानबोरा उठला. मासळीबाजार सपाट. दारूच्या दुकानावर पाय पडला तेव्हा मागच्या रांगेत इनागाकी उभा राहून चारी दिशांना वाकून नमस्कार करू लागला. झानबोरा गल्लीत वळला. समोर न्हाणीघर! तेच धुरांडं, दारावरचा तोच निळा पडदा, दारात बोटाएवढ्या लाकडी चपलासुद्धा. गेन्साकुंनी बायकोचा हात घट्ट धरला. झानबोरानं पाय उचलला. पाय धुरांड्यावर तसाच थांबला. आणि मग हळूच बाजूला टेकला. झानबोरा वळला आणि स्टेशन मोडायला निघून गेला.



"कुवाबारा," इनागाकी मागून म्हणाला, "पाय धुवायला आला होता वाटतं तुमच्याकडे!"

फलक त्याच दिवशी उतरला. गेन्साकु घराबाहेर पडेनात. पण झालं भलतंच. शेजारच्या गावांतून लोक येऊ लागले. "राक्षसानं सोडलं ते हेच का?" असं विचारून पाण्यात उतरू लागले. तोमेयोबाईंना बोलायला फुरसत उरली नाही. गेन्साकु मात्र भट्टीपाशी बसून कण्हत. "दया दाखवली त्यानं. राक्षसाच्या दयेवर जगायचं म्हणजे काय!"

एका दुपारी एक बुटका, हडकुळा माणूस आला. आंघोळ करून, कपडे चढवून तो पुढच्या दालनातून भट्टीकडे लाकडं नेणाऱ्या गेन्साकुंसमोर अवघडून उभा राहिला. "मी मिझुता. झानबोराच्या आत मी होतो."

गेन्साकुंच्या हातातलं लाकूड गळून पडलं.

"माफी मागायला आलोय, काका. त्या कातड्यात फार उकडतं. गळ्याशी एक भोक असतं, त्यातून दिसेल तेवढंच जग. पाय उचलला आणि खाली तुमचा पडदा दिसला, त्या चपला दिसल्या. आत गरम पाणी असेल असं वाटलं. काही केल्या पाय खाली जाईना. दिग्दर्शक आधी माझ्यावर खेकसला. मग म्हणाला, राहू दे, राक्षस विचार करतोय असं वाटतंय."

"म्हणजे झानबोराला आमच्याकडे आंघोळ करावीशी वाटली?"

"फार."

गेन्साकुंचे डोळे भरून आले. पण हौस ती हौस. "तरीपण मिझुताबाबा... शेपटी तरी लागू द्यायची होतीत!"

"चुकलंच माझं," म्हणत मिझुता कमरेत वाकला, एक पाऊल मागे सरला, पुन्हा वाकला, पुन्हा मागे सरला. ओल्या फरशीवर त्याची टाच सटकली. तो पाठीमागे घंगाळांच्या उतरंडीवर गेला, उतरंड काचेच्या दारावर गेली आणि दार, काचा, घंगाळं असा सगळा संसार गडगडत रस्त्यावर आला. घंगाळं उतारावरून घरंगळत थेट इनागाकीच्या दुकानात शिरली.

"तुडवलं!" गेन्साकु दोन्ही हात वर करून रस्त्यात नाचू लागले. "इनागाकी, बाहेर ये! झानबोरानं तुडवलं माझं न्हाणीघर! आणि खरंखुरं! तुझं नुसतं पुठ्ठ्याचं होतं!"

"अहो, आधी त्या माणसाला उठवा!" तोमेयोबाई धावल्या.

गेन्साकु भानावर येऊन वाकले. "लागलं का हो?"

"नाही, सवय आहे," मिझुता घंगाळांतून म्हणाला.

"मग उठायच्या आधी एकदा... ती डरकाळी तेवढी फोडाल का? लोक जमलेत."

मिझुता ओशाळला. "डरकाळीचा माणूस वेगळा असतो, काका. मी नुसता पडतो."

गेन्साकुंनी क्षणभर विचार केला. जमलेल्या गावाकडे एकवार पाहिलं, लुंगीसारखा कमरेला गुंडाळलेला पंचा सावरला, छाती भरून घेतली आणि झानबोराची डरकाळी त्यांनी स्वतःच फोडली.